पाच थेंबांचं भांडण

बंगळूरच्या मारतहळ्ळीहून समुद्र गाठायचा तर मंगळूरला जा नाहीतर चेन्नईला, रस्त्याने साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर कुठे चुकत नाहीत. तरी गेल्या गणपतीत, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात, प्रसादाचे द्रोण हातात असताना, जहाजाच्या इंजिनाला तेल किती द्यावं यावर एका तरुणाने माझी शिकवणी घेतली. मुलगा आपलाच, सांगलीकडचा. आउटर रिंग रोडवरच्या एका कचेरीत बसून तो जगभर हिंडणाऱ्या जहाजांच्या इंजिनांचे आकडे पडद्यावर पाहतो. मी तीस वर्षं त्या इंजिनांच्या पोटात काढली, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. "काका, तुम्ही चीफ लोक घाबरून तेल ओतता," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः लिहिलेलं आठ पानी टिपण मला पाठवून दिलं.

त्या टिपणाला हे उत्तर. फोनवर दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो; पण त्याच्यासारखं बोलणारे आता पुष्कळ झालेत, आणि त्यांच्या बोलण्यावर किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांतून जहाजांना हुकूम सुटतात.

टिपणाचं म्हणणं असं. सिलिंडर ऑइल हा खर्च आहे. किमान लागतं त्याहून जास्त दिलेला ग्रॅम न् ग्रॅम वाया जातो. चीफ इंजिनिअर अंगाशी येऊ नये म्हणून हात सैल सोडतो. आकडे पाहून संगणकानेच माप ठरवलं तर भीती मधून निघून जाईल आणि तेल वाचेल.

यातलं तिसरं वाक्य खरं आहे, ते मी पुढे कबूल करणारच आहे. पण पहिलं वाक्यच चुकलंय, आणि त्यावर उभी केलेली इमारत कितीही देखणी असली तरी तिच्यात राहायला जाऊ नये.

आधी हे तेल कोणतं ते सांगतो, कारण मोटारीच्या इंजिनावरून अंदाज बांधणारे इथेच घसरतात. मोटारीत एकच तेल सगळीकडे फिरतं आणि पुन्हा खालच्या टाकीत येतं. मोठ्या जहाजाच्या टू-स्ट्रोक इंजिनात तसं नाही. तिथे पिस्टनखाली क्रॉसहेड असतं, मध्ये स्टफिंग बॉक्सची भिंत असते. खालच्या बेअरिंगांचं तेल खाली, आणि सिलिंडरचं तेल वेगळं, वेगळ्या टाकीतून, सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, म्हणजे लायनरच्या, भिंतीत बसवलेल्या क्विलमधून थेट आत. ते परत येत नाही. काम करतं, जळतं, उरलंसुरलं काळं होऊन पिस्टनखालच्या स्कॅव्हेंजच्या जागेत ओघळतं. म्हणून हिशेबनिसाला ते दिवसाकाठी उडून जाणाऱ्या पैशासारखं दिसतं.

माप किती, तेही पाहू. एक मध्यम इंजिन घ्या: सहा सिलिंडर, १०,००० किलोवॉट, मिनिटाला सुमारे १०० फेरे, पिस्टनचा व्यास ६० सेंटिमीटर, स्ट्रोक २.४ मीटर. फीड रेट म्हणजे तेलाचं माप, दर किलोवॉट-तासाला ०.६ ग्रॅम धरा. गुणाकार केलात तर एका सिलिंडरला एका फेऱ्यामागे ग्रॅमचा जेमतेम सहावा भाग येतो. पाच थेंब. आणि हे पाच थेंब पसरायचे कुठे? पिस्टन ज्या भिंतीवरून जातो तिचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर, म्हणजे आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीएवढी जागा. त्या बाल्कनीत पाच थेंबांनी पोछा मारायचा, तोही दर सेकंदाला दीड-दोनदा, पलीकडे आग पेटलेली असताना. शिवाय आजचे इलेक्ट्रॉनिक ल्युब्रिकेटर प्रत्येक फेऱ्याला तेल देतही नाहीत. काही फेऱ्यांचं साठवून एकदम, पिस्टनच्या रिंगा क्विलसमोरून जात असताना नेमका मारा करतात. हे यंत्र ज्यांनी बनवलं त्यांना माझा नमस्कार आहे. मी ज्या जहाजावर चार साब, म्हणजे फोर्थ इंजिनिअर, म्हणून पहिल्यांदा चढलो तिथे ग्लिसरीन भरलेल्या काचेतून तेलाचा थेंब डुलत वर चढायचा आणि मी टॉर्च मारून ते थेंब मोजायचो. कमी-जास्त करायला एक स्क्रू. त्या काळात एक ग्रॅमच्या वरचा फीड रेट कुणाला खटकत नसे. त्याहीआधी तर इंजिनखोलीत 'तेलवाला' हा हुद्दाच होता.

आता मुख्य मुद्दा. हे तेल फक्त गुळगुळीत करण्यासाठी नसतं. जहाजाच्या जड इंधनात गंधक असतं. ते जळलं की त्याचे वायू होतात, त्यांतला थोडा भाग पाण्याच्या वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल होतो, आणि लायनरची भिंत पुरेशी गरम नसेल तर ते आम्ल भिंतीवर दव पडावं तसं जमतं. बिडाचा लायनर ते खाऊन टाकतं. म्हणून सिलिंडर ऑइलमध्ये कॅल्शियमचा अल्क घातलेला असतो; तो किती आहे हे बीएन या आकड्याने सांगतात. ४०, ७०, १००, अगदी १४० बीएनची तेलंही निघाली. तेव्हा हे तेल एकाच वेळी वंगण, आम्लावरचा उतारा, रिंगांच्या खाचा धुणारा साबण आणि वायू खाली निसटू नये म्हणून बसवलेली सील, अशी चार कामं करतं. चार नोकरांचा पगार एकाच नावावर टाकायचा आणि मग म्हणायचं, हा माणूस महाग पडतो!

बरं, कमी तेल वाईट म्हणजे जास्त तेल चांगलं, असं माझे काही जुने सोबती समजतात. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. आम्लाच्या मानाने अल्क जास्त झाला तर न वापरलेलं कॅल्शियम पिस्टनच्या माथ्यावर दगडासारखं बसतं. तो थर लायनरला घासून आरशासारखा चकचकीत करतो. नवख्याला ती चमक पाहून आनंद होतो; जाणत्याच्या पोटात गोळा येतो, कारण चकचकीत भिंतीवर तेल थांबत नाही. लायनरचा पृष्ठभाग किंचित खरखरीत, उघडा राहायला हवा, आणि तो तसा राहायला थोडंसं आम्ल लागतंच. थोडा गंज हवा, फार नको. हे वाक्य कुठल्या पडद्यावरच्या हिरव्या-लाल दिव्यांत बसवायचं ते मला त्या मुलाने सांगावं.

आणि माझी कबुली. तीन साब असताना नवीन लायनर बसवल्यावर आम्ही रनिंग-इनसाठी फीड रेट बराच वाढवला होता. तास भरले, कमी करायची वेळ आली, आणि कुणी केला नाही. दोन महिने आम्ही त्या सिलिंडरला तूप वाढल्यासारखं तेल वाढत होतो. सगळा गाळ स्कॅव्हेंजच्या जागेत साचला आणि एका रात्री तिथे आग लागली. इंजिन हळू करून, वाफ सोडून ती विझवली. जहाजावरच्या आगीनंतर चहा कसा लागतो हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. तेव्हा चीफ लोक घाबरून तेल ओततात हे खरं, आणि ती भीती कधीकधी स्वतःच काडी लावते.

पण मग उलटंही ऐका. काही वर्षांनी मी दो साब असताना कचेरीतून निरोप आला: सर्व सिलिंडरांचा फीड रेट अमुकवर आणा. सहाही सिलिंडरांना एकच आकडा, जहाजाच्या एकाही रिंगेकडे न बघता. आमच्या चार नंबरच्या सिलिंडरला इंधनाचा इंजेक्टर नीट फवारत नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्या बंदरात सुटा भाग मिळाला नव्हता. आम्ही लिहिलं, उत्तर आलं की आकडे ठीक आहेत. आकडे ठीकच होते. दोन महिन्यांनी चार नंबरच्या रिंगा लायनरला चिकटून खरवडल्या, आम्ही त्याला स्कफिंग म्हणतो, आणि भर समुद्रात पिस्टन वर काढावा लागला. त्या वर्षीच्या तेलाच्या खर्चात मात्र बचत झालेली दिसली असणार.

हा हिशेब जरा उलगडून दाखवतो, कारण टिपणातली सगळी ताकद हिशेबात आहे. फीड रेट ०.८ वरून ०.६ केला तर वरच्या इंजिनाला दिवसाला ४८ किलो तेल वाचतं. वर्षाला २५० दिवस चाललं तर १२ टन. ही रक्कम लहान नाही, मी नाक मुरडत नाही. पण ते इंजिन त्याच दिवशी चाळीसेक टन इंधन जाळतं. आणि लायनरचं काय? तो साधारण व्यासाच्या ०.८ टक्क्यापर्यंत झिजू देतात. ६०० मिलिमीटरच्या लायनरला ४.८ मिलिमीटर. हजार तासांना ०.०५ मिलिमीटर झीज असेल तर ९६,००० तास, म्हणजे वर्षाला ६,००० तासांच्या हिशेबाने सोळा वर्षं. तीच झीज ०.३ वर गेली की सोळा हजार तास. तीन वर्षंही नाहीत. या दोन आकड्यांमधला फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही, आवाजात कळत नाही, आणि एक्झॉस्टच्या तापमानात तर मुळीच नाही.

मग ही बचत करायची घाई कुणाला? इथे खिशांचा प्रश्न येतो, आणि त्याबद्दल आठ पानांत एक ओळ नाही. टाइम चार्टरवर दिलेल्या जहाजाचं इंधन भाडेकरू भरतो. वंगणाचं तेल मालक भरतो. २००८ नंतर मंदी आली आणि भाडेकरूंनी जहाजं हळू चालवायला सांगितली, स्लो स्टीमिंग. (आमच्या मारतहळ्ळीच्या पुलावर ते रोज संध्याकाळी फुकट पाहायला मिळतं.) त्यांचं इंधन वाचलं. इंजिन बनवणाऱ्यांनीही स्ट्रोक लांबवले, फेरे कमी केले, आतला दाब वाढवला, कमी लोडवर चांगलं चालेल असं ट्यूनिंग केलं. प्रत्येक सुधारणा आपापल्या जागी शहाणपणाची. सगळ्या मिळून काय झालं? लायनरची भिंत थंड पडली, दाब वाढल्यामुळे आम्लाचं दव जमण्याचं तापमान वर चढलं, आणि पूर्वी किंचित होणारा गंज बेसुमार वाढला. त्याला कोल्ड करोजन असं नाव मिळालं. ज्यांचं इंधन वाचलं त्यांनी लायनर विकत घेतले नाहीत. शेवटी १०० बीएनची तेलं आली, लायनर गरम राहावा म्हणून जॅकेटच्या पाण्याचे मार्ग बदलले, आणि हो, कित्येक जहाजांवर फीड रेट वाढवावा लागला. एका कोपऱ्यातल्या काटकसरीचं बिल दुसऱ्या कोपऱ्यात फुटतं, ही गोष्ट इतक्या मोठ्या प्रमाणावर अगदी अलीकडे घडलेली असताना नव्या काटकसरीचं टिपण तिचा उल्लेखही न करता लिहिलं जातं, याचा मला राग आला. क्लबहाउसात आला नव्हता, वाचताना आला.

टिपणाचं गणित गंधकावर उभं आहे. इंधनातल्या गंधकाचा टक्का गुणिले एक गुणक, की फीड रेट तयार. हे सूत्र बनावट नाही. इंजिन बनवणाऱ्यांनीच दिलं, आणि जड इंधनाच्या काळात त्याने उत्तम काम केलं. तीन टक्के गंधक गुणिले ०.३, आले ०.९ ग्रॅम. पण १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमाने गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. धुरातलं गंधक धुऊन काढणारा स्क्रबर नसलेली जहाजं आता तेच कमी गंधकाचं इंधन जाळतात. अर्धा टक्का त्याच ०.३ ने गुणला तर ०.१५ येतात. इतक्या तेलावर इंजिन चालत नाही हे सूत्राला माहीत असतं, म्हणून खाली एक किमान मर्यादा घातलेली असते आणि सूत्र गपकन त्या मर्यादेवर जाऊन बसतं. मग पुढे ते काहीच ठरवत नाही. आता प्रश्न आम्लाचा उरत नाही, साबणाचा उरतो. कमी बीएनच्या तेलात अल्क कमी म्हणून धुण्याची ताकदही कमी. पिस्टन घाण होऊ लागले, रिंगा खाचेत अडकू लागल्या. बीएन ४० तेलावर चालणाऱ्या जहाजांना अधूनमधून १०० बीएन देऊन पिस्टन स्वच्छ करून घ्यायचा सल्ला निघाला. मग ४० बीएनचीच पण जास्त धुणारी तेलं आली. गंधकाच्या टक्क्यात यातलं काय दिसतं?

इंधनाचं तर विचारूच नका. रिफायनरीतून येणारे अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचे बारीक कण, आम्ही कॅट फाइन्स म्हणतो, लायनरवर सँडपेपरसारखे चालतात. जहाजावर येणाऱ्या इंधनात ते किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतात असं आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं. इंजिनात शिरताना मात्र ते पंधराच्या खाली हवेत. मधलं अंतर प्युरिफायर कापतो, आणि प्युरिफायर नीट चालतोय की नाही हे त्याच्यासमोर उभं राहून कळतं. त्या दिवशी प्युरिफायरचं तापमान पाच अंशांनी घसरलेलं असेल तर तेल कमी करण्याचा तो दिवस नव्हे.

मुलगा म्हणेल, अहो काका, ड्रेन ऑइलचे रिपोर्ट आहेत ना. आहेत, आणि ही चांगली गोष्ट आहे. माझ्या हाताला त्या काळात ते मिळाले असते तर चार नंबरचा लायनर वाचला असता. सिलिंडरखालून ओघळलेल्या तेलाचा नमुना घ्यायचा, त्यात लोह किती आणि बीएन किती उरला ते पाहायचं. लोह चढतंय आणि बीएन संपतोय म्हणजे आम्ल खातंय. लोह चढतंय पण बीएन भरपूर उरलाय म्हणजे घर्षण किंवा कण. फीड रेट टप्प्याटप्प्याने कमी करत प्रत्येक पायरीवर नमुने घ्यायचे, यालाच मी खरं ऑप्टिमायझेशन म्हणतो. पण स्टफिंग बॉक्स गळत असेल तर खालचं सिस्टिम ऑइल नमुन्यात मिसळतं. त्याचा बीएन जेमतेम पाच-सहा. मग लोह पातळ होऊन कमी दिसतं, बीएनही कमी दिसतो, आणि पडद्यावरचा आलेख भलतंच बोलतो. बाटली कुणी भरली, नळ आधी उघडून साचलेलं तेल सोडून दिलं होतं का, इंजिन त्या वेळी किती लोडवर होतं, हे सगळं त्या आकड्याच्या पोटात असतं आणि बाहेर येत नाही.

त्यापेक्षा साधी गोष्ट सांगतो. बंदरात इंजिन थांबलं, थंड झालं, टर्निंग गिअर लावलं, स्कॅव्हेंजच्या जागेत हवा खेळवली, की आत शिरायचं. लायनरच्या पोर्टातून, म्हणजे हवेच्या भोकांतून, टॉर्च मारायची आणि पिस्टन सावकाश फिरवत न्यायचा. रिंगा ओल्या आहेत का कोरड्या. लाकडी काठीने रिंग दाबली तर ती परत उसळते का खाचेत मेलीय. माथ्याच्या कडेला पांढरट थर आहे का. लायनरवर उभ्या रेघा आहेत का. बोट फिरवलं की कळतं. एका सिलिंडरला वीस मिनिटं. यातून जे कळतं ते कुठल्याही सेन्सरने मला अजून सांगितलेलं नाही.

वाफेच्या काळातही हे भांडण होतं, म्हणून मला त्याचं नवल वाटत नाही. आमच्या घरापासून एचएएलचा कारखाना दूर नाही. १९४० साली तो काढणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे वाफेचं जहाज मुंबईहून लंडनला धाडणाऱ्यांतही होते. त्या वाफेच्या इंजिनांत सिलिंडरला तेल जास्त दिलं की ते वाफेबरोबर फिरून बॉयलरच्या नळ्यांवर बसायचं, म्हणून त्या काळचे इंजिनिअरही हात आखडता घ्यायचे. फरक इतकाच की हात कधी आखडायचा आणि कधी सोडायचा हे ठरवणारा त्याच इंजिनासमोर घामाघूम होत असे.

तरी तो मुलगा भेटायला आला तेव्हा मी त्याला घालवून दिलं नाही. त्याच्या पडद्याला एक गोष्ट माझ्यापेक्षा चांगली कळते: एकाच जातीच्या पन्नास जहाजांपैकी कुठलं एक हळूहळू वेगळं वागतंय. एका जहाजावर बसलेल्या चीफला ते कधीच दिसणार नाही. ते त्याने पाहावं, चीफला कळवावं, आणि माप चीफवर सोडावं. मी त्याला आणखी एक सांगितलं, की तुझ्या तक्त्यात सिलिंडरवार एक रकाना वाढव: पोर्टातून शेवटचं कधी पाहिलं, कुणी पाहिलं, काय दिसलं. तो रकाना तीन महिने रिकामा असेल तर त्या सिलिंडरचा फीड रेट कमी करण्याचं बटण दाबलंच जाऊ नये.

त्याने विचारलं, त्या रकान्यात नेमकं काय लिहायचं, कोड काय ठेवायचे. मी त्याला माझ्याकडचे जुने फोटो दाखवले. चार नंबरचा स्कफ झालेला लायनर पाहून तो म्हणाला, हा तर छान चमकतोय.